गुडघ्याला फिजिओ चालतो, मग इथे का अडतं?

उत्तरायण
हा धागा काढू की नको यात आठ दिवस घालवले. शेवटी म्हटलं, इथे कोणाला तोंड दिसत नाही, बोलून टाकावं.

वय ६३. प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला, ग्रंथी पूर्ण काढली. त्याला आज सात आठवडे झाले. कॅन्सरच्या बाजूने रिपोर्ट चांगले आहेत, त्याबद्दल तक्रार नाही. पण नळी काढली त्या दिवसापासून लघवी गळते. शिंक आली, खुर्चीतून उठलो, वाकून चप्पल सरळ केली, की गेलीच. गंमत म्हणजे सकाळी जवळजवळ कोरडा असतो आणि दुपारी चारनंतर धरण फुटतं. दिवसाला चार पॅड लागतात. राखाडी पँट घालणं सोडलंय.

घरी सोडताना दिलेल्या कागदावर सगळ्यात खाली एक ओळ होती, ‘पेल्विक फ्लोअर फिजिओथेरपी’, म्हणजे ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंची. तो कागद घडी घालून फाइलमध्ये ठेवलाय, अजून तिथेच आहे. नेटवरचे व्हिडिओ बघून घरच्या घरी आवळाआवळी करतो, दिवसातून दोनशे वेळा तरी. फरक शून्य.

आता कबुली. तीन वर्षांपूर्वी गुडघा बदलला तेव्हा फिजिओचा एक दिवस चुकवला नव्हता. आज किती अंश वाकला ते पाहुण्यारावळ्यांना फोन करकरून सांगायचो. आणि या वेळी बायको सोडून कोणाला पत्ता नाही. हाही स्नायूच ना? मग पाय का अडतो कळत नाही.

तर प्रश्न असे: इथले कोणी पुरुष यासाठी फिजिओकडे गेलेत का? तिथे नक्की काय करतात? आणि उपयोग होतो, की नुसती मनाची समजूत?

दुपारची_झोप
पहिला!

विषय वाचून दोन विनोद सुचले होते, गिळले. काका, लिहिलंत ते बरं केलंत.

टाचणी
माझ्या मोठ्या भावाचं हेच ऑपरेशन झालं. दोन वर्षं पॅड वापरतोय. फिजिओचं नाव काढलं की म्हणतो, “वयाचं आहे, चालायचंच.” अरे बाबा, ऑपरेशनच्या आदल्या दिवसापर्यंत एक थेंब गळत नव्हता. एका रात्रीत वय झालं का तुझं?

कडेची_सीट
वाचतोय.

काळा_चष्मा
मी स्पष्ट बोलतो, राग मानू नका. ही बायकांची गोष्ट आहे. बाळंतपणानंतर करतात ते केगेल की काय. पुरुषाने त्या खोलीत जाऊन बसायचं आणि समोर बाई फिजिओ असली तर? मला नाही जमणार. पॅड लावून गप्प राहीन.

रफूवाली
@काळा_चष्मा, राग नाही मानत, पण पॅड लावून ‘गप्प’ कोणी राहत नाही हे तुम्हाला घरातली माणसं सांगतील. आमच्याकडे दीड वर्ष हा प्रकार झाला. हे लग्नाला यायचे बंद झाले, मग लांबचा प्रवास बंद, मग नातवाला उचलून घेणं बंद. कारण दरवेळी वेगळं. कधी डोकं दुखतंय, कधी गर्दी सोसत नाही. रात्री स्वतःच्या चादरी स्वतः धुवायचे, मला कळू नये म्हणून पहाटे चारला मशीन लावायचे. मशीनचा आवाज मला ऐकू येत नसेल असं त्यांना कसं वाटलं, देव जाणे.

मी एकदाच म्हणाले, “तुम्हाला लाज वाटते ते समजू शकते. पण लपवण्यात जेवढे कष्ट घेताय, त्याच्या निम्मेही बरं होण्यात घालवले नाहीत.” त्यावर चार दिवस अबोला. पाचव्या दिवशी स्वतःच फोन लावला.

दुपारची_झोप
पहाटे चारच्या मशीनला माझा दंडवत. झाकली मूठ सव्वा लाखाची, पण झाकलेल्या चादरीला वास येतोच.

वळीव
मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि गेली काही वर्षं फक्त याच विषयात काम करते. थोडं लांबण लागेल.

@उत्तरायण काका, आधी तुमच्या सकाळ-संध्याकाळच्या कोड्याचं उत्तर. मूत्राशयाच्या तोंडाशी दोन कुलपं असतात असं समजा. आतलं आपोआप चालतं, त्याला आपण हुकूम देत नाही. ते प्रोस्टेटला अगदी खेटून असतं, त्यामुळे ग्रंथी काढताना त्याचं बरंचसं काम जातं. मग उरतं बाहेरचं कुलूप आणि त्याच्याभोवतीचे ओटीपोटाच्या तळाचे स्नायू. ज्यांनी जन्मभर जोडीने काम केलं, त्यांच्यावर अचानक सगळा भार एकट्याने आला. रात्रभर झोपून ते ताजेतवाने असतात म्हणून सकाळी कोरडे राहता. दुपारपर्यंत ते थकतात आणि तुमचं चारचं धरण फुटतं. म्हणजे स्नायू मेलेला नाही, दमतोय. दमणाऱ्या स्नायूला तालीम देता येते.

आता ते ‘दोनशे वेळा’ वाचून मी कपाळाला हात लावला. गुडघ्याचा व्यायाम दिवसाला दोनशे वेळा केला असता का? सकाळभर आवळून आवळून तुम्ही चारच्या आधीच त्याला दमवताय. साधारण दिवसातून तीन वेळा, प्रत्येक वेळी दहाएक सावकाश आकुंचनं आणि दहाएक झटपट, एवढं पुष्कळ होतं. सावकाश म्हणजे जमेल तितके सेकंद धरायचं, दहापर्यंत नेत जायचं, आणि मध्ये *पूर्ण* सोडायचं. सोडणं हा अर्धा व्यायाम आहे, पुरुष नेमकं तेच विसरतात.

@काळा_चष्मा, केगेल हे अमेरिकन स्त्रीरोगतज्ज्ञ होते, त्यांनी १९४८ मध्ये लिहिलं ते बायकांसाठीच. तेवढ्यापुरतं तुमचं बरोबर आहे. पण तो स्नायू तुम्हालाही आहे. नसता तर आता या क्षणी खुर्ची ओली झाली असती.

टाचणी
शेवटच्या वाक्याला उभं राहून टाळ्या.

मुद्देसूद
भावना बाजूला ठेवून थोडं आकड्यांकडे बघू या. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात २००० साली बेल्जियममधला अभ्यास आला होता. हेच ऑपरेशन झालेले १०२ पुरुष. ज्यांना फिजिओथेरपी मिळाली त्यांच्यातले ८८ टक्के तीन महिन्यांत कोरडे झाले, ज्यांना मिळाली नाही त्यांच्यातले ५६ टक्के. वा, छान.

पण त्याच ‘लॅन्सेट’मध्ये २०११ साली ब्रिटनमधला मोठा अभ्यास आला. या ऑपरेशनचे ४११ पुरुष होते. एका गटाला थेरपिस्टकडे प्रत्यक्ष चार भेटी, दुसऱ्याला नेहमीची देखभाल. वर्षानंतर थोडीफार गळती असणारे किती? ७६ टक्के आणि ७७ टक्के. म्हणजे फरक नाही. मग बाईंनी सांगावं, लोकांनी कशासाठी जायचं?

शीर्षासन
अहो, हे सगळं आपल्याकडे कधीपासून आहे. मूळबंध! अश्विनी मुद्रा! परदेशातल्या डॉक्टरने नाव दिलं की मगच खरं. मी वीस वर्षं करतो, वय ७१, एक थेंब नाही.

दुपारची_झोप
@शीर्षासन, तुमचं प्रोस्टेट काढलंय का?

शीर्षासन
नाही.

दुपारची_झोप
मग तुमचा नळ नवा, वॉशर नवा, आणि तुम्ही गळक्या नळाच्या मालकाला सांगताय की मी रोज पुसतो. (हलके घ्या.)

शीर्षासन
घेतलं. 🙂

वळीव
@मुद्देसूद, प्रश्न रास्त आहे. आमच्या क्षेत्रात त्या २०११च्या अभ्यासावर अजूनही वाद घातले जातात. मी दोन गोष्टी सांगेन. त्यात माणसं घेतली ती ऑपरेशननंतर सहा आठवड्यांनीही गळती असलेली, आणि ‘दुसऱ्या’ गटातलेही बरेच जण आपापले व्यायाम करतच होते. व्यायामाची माहिती तोवर ब्रिटनमध्ये सहज मिळत होती. त्यामुळे तुलना ‘फिजिओ विरुद्ध काहीच नाही’ अशी राहिली नाही.

तरी त्याचा अर्थ मी झटकून टाकत नाही. पुष्कळांची गळती महिन्यांगणिक आपली आपण कमी होते, आणि वर्षाच्या शेवटी दोन्ही गट जवळ येतात. बेल्जियमच्या अभ्यासातही तो फरक पुढे कमी झालाच होता. मी पेशंटला छातीठोकपणे ‘बरे व्हाल’ म्हणत नाही. लवकर कोरडं होण्याची शक्यता वाढते आणि चुकीचं करण्यात महिने वाया जात नाहीत, एवढंच म्हणते. सहा महिने आधी नातवाला उचलता आलं तर ते कोणत्या टक्क्यात मोजायचं?

@शीर्षासन काका, मूळबंध जवळचाच आहे, पण अश्विनी मुद्रेत सगळा जोर गुदद्वारावर जातो. पुरुषाची गळती थांबवायला पुढचा भाग लागतो. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी पुरुषांना वेगवेगळ्या शब्दांत सूचना देऊन सोनोग्राफीवर पाहिलं, २०१६ मध्ये छापून आलंय. मूत्रमार्ग सगळ्यात जास्त कधी हलला? ‘शिश्न आत ओढून आखूड करा’ म्हटल्यावर. ‘मूत्राशय वर उचला’ म्हटलं की लोक पोटच आवळतात आणि आतला दाब वाढवतात, म्हणजे नेमकं नको ते.

कडेची_सीट
आखूड करा ही सूचना आयुष्यात पहिल्यांदाच ऐकली. आजवर जाहिराती उलटच करत आल्या.

दुपारची_झोप
@कडेची_सीट 😂😂 खुर्चीवरून पडलो. पडताना तो स्नायू आवळला होता, नोंद घ्यावी.

उत्तरायण
एवढे प्रतिसाद येतील वाटलं नव्हतं. @वळीव ताई, दोनशे आजपासून बंद. पण तुमच्याकडे, म्हणजे तुमच्यासारख्या कोणाकडे गेलं तर ती तपासणी नक्की कशी असते? खरं सांगायचं तर अडतंय तिथेच. गुडघ्यासाठी पँट गुडघ्यापर्यंत वर करायची होती. इथे...

वळीव
पहिल्या भेटीतला बराच वेळ बोलण्यात जातो. कधी गळते, किती, काय पिता, बद्धकोष्ठ आहे का, खोकला जुना आहे का. तीन दिवसांची डायरी भरायला सांगतात, किती प्यायलात आणि किती वेळा किती लघवी झाली. मोजायला भांडं लागतं, त्यावरून घरात वाद होतात, होऊ द्या.

तपासणीचे प्रकार आहेत. गुदद्वारातून बोटाने स्नायूची ताकद बघता येते, ती पद्धत चांगली आहे पण सक्तीची नाही. नको म्हणा, थेरपिस्टने ऐकलंच पाहिजे. पोटावरून किंवा वृषणाच्या मागच्या जागेवरून सोनोग्राफी करता येते. काही वेळा तर कपड्यांतच, नुसतं उभं करून बघतो. सोबत कोणी हवं असेल तर आणा. पुरुष थेरपिस्ट हवा असेल तर फोनवरच विचारा, त्यात कोणालाही वाईट वाटत नाही.

तिसरी_घंटा
धाग्यावर बहुधा मीच सगळ्यात लहान. वय ३४, ऑपरेशन वगैरे काही नाही. लघवी झाली, सगळं झटकलं, चेन लावली, चार पावलं चाललो की पँटमध्ये थोडी येते. फार नाही, पण हलक्या रंगाच्या कापडावर ठिपका दिसतो. ऑफिसमध्ये मी मुद्दाम बेसिनवर पाणी उडवून घेतो, म्हणजे ‘हात धुताना उडालं’ म्हणता येतं. याला पण फिजिओ?

उत्तरायण
बेसिनची युक्ती! पोरा, मला वाटलं होतं तिचा शोध मी लावला.

टाचणी
मीही. शोधाचे हक्क तिघांत वाटून घेऊ.

वळीव
@तिसरी_घंटा, हे वेगळं आहे आणि त्रास कितीही वाटला तरी साधं आहे. मूत्रमार्ग पुरुषात एक वळण घेतो, त्या वळणात थोडी लघवी मागे राहते. ती बाहेर ढकलणारा स्नायू सुस्त असला की नंतर चालताना सांडते. मूत्राशयाचा दोष नसतो. लघवी झाल्यावर वृषणाच्या मागे दोन बोटं ठेवून हलकेच वर-पुढे दाबत आणा, राहिलेली तिथेच येईल. आणि लघवी संपताना तो स्नायू एकदा जोरात आवळा. बहुतेकांना एवढ्याने फरक पडतो. आग, ताप, रक्त असं काही असेल तर मात्र आधी डॉक्टर.

सगळ्यांसाठी अजून एक. लघवी मध्येच अडवून ‘सराव’ करू नका. स्नायू सापडतोय का हे एकदा बघायला ठीक, रोजचा व्यायाम म्हणून नाही. मूत्राशय नीट रिकामं होत नाही.

बिनसाखर
बाबांचं सांगतो, कारण इथे सगळे एकाच रांगेत उभे आहेत असं वाटायला नको. त्यांना मधुमेह तीस वर्षांचा. सतत थेंबथेंब गळायचं. मी मोठ्या उत्साहाने व्यायाम सुरू करून दिले, चार महिने करून घेतले. थेंब वाढतच गेले. शेवटी डॉक्टरांकडे नेलं तर कळलं की मूत्राशय रिकामंच होत नव्हतं. भरून वाहत होतं. नळी घातली तेव्हा पिशवीत जे आलं ते बघून नर्सच थबकली. चार महिने मी भरलेल्या हंड्याचं झाकण घट्ट करत बसलो होतो. त्यामुळे आधी निदान, मग आवळाआवळी.

वळीव
@बिनसाखर, हा प्रतिसाद धाग्याच्या वर चिकटवून ठेवायला हवा.

डंबेल
उलटा अनुभव माझाही. वय ४१, वजनं उचलतो. अचानक अर्जंट लागायची, थोडी सुटायची, आणि बसल्यावर खाली दुखायचं. नेटवर वाचून केगेल सुरू केले, दुखणं दुप्पट. फिजिओ म्हणाला, तुझा स्नायू कमजोर नाही, तो सुटतच नाही. वीस तास मूठ आवळून ठेवली तर ती मूठ काय कामाची? मला दोन महिने फक्त सोडायला शिकवलं. पोटात श्वास, पाय जवळ घेऊन पडायचं, जबडा सैल. इतकं कंटाळवाणं काम आयुष्यात केलं नव्हतं. पण दुखणं गेलं आणि सुटणंही.

आणि हो, फिजिओ पुरुष होता. त्याने काहीच फरक पडला नाही, पहिल्या दिवशी मला तेवढीच लाज वाटली.

काळा_चष्मा
@डंबेल, हे मात्र पटलं. म्हणजे लाज बाईची नाही, विषयाची आहे.

टाचणी
अवांतर: या प्रकाराला मराठीत चांगला शब्द का नाही? डॉक्टरी पुस्तकात ‘मूत्र-असंयम’ लिहितात. असंयम! म्हणजे माणूस व्यसनी, बाहेरख्याली, लघवीतसुद्धा ताबा नाही त्याला. भावाच्या कागदावर हा शब्द वाचून वहिनी आधी संशयानेच बघायला लागली होती.

मुद्देसूद
‘गळती’ बरा आहे. छताला होते, टाकीला होते, चारित्र्याशी संबंध नाही.

रफूवाली
आमच्याकडे ‘पाऊस’ म्हणतात. “आज पाऊस कसा?” “भुरभुर.” चार माणसांतही विचारता येतं.

दुपारची_झोप
आणि आपल्या थेरपिस्टचं नाव ‘वळीव’. योगायोग बघा.

वळीव
हे आजवर माझ्या लक्षात आलं नव्हतं. आयडी बदलावा लागेल.

जुना_खेळाडू
फिजिओ पुरत नाही असाही एक जण धाग्यावर असू दे. ऑपरेशन झालं, मग रेडिएशन झालं. फिजिओ प्रामाणिकपणे केला, आठ महिने. दिवसाला सहा पॅडांवरून पाचवर आलो. मग कृत्रिम झडप बसवली. मूत्रमार्गाभोवती पाण्याने फुगणारी कडी असते आणि अंडकोषाच्या पिशवीत छोटा पंप. लघवी करायची तर पंप दाबायचा, कडी सैल होते, थोड्या वेळाने आपोआप पुन्हा घट्ट. चार वर्षं झाली. माझ्याकडे बटण आहे, असं नातवाला सांगायची फार इच्छा आहे, सांगत नाही.

आठ महिने वाया गेले असं मात्र मी म्हणणार नाही. डॉक्टरही आधी व्यायामाला वेळ देऊनच मग झडपेचं बोलले.

कडेची_सीट
ठीक आहे. मीही बोलतो.

वय ५२. मला गळत नाही, पण लागली की लागली. दाराच्या कुलपात किल्ली फिरवली की हमखास. नळाचा आवाज आला की. गेलं वर्षभर नाटकाला, सिनेमाला, विमानात, कुठेही मी कडेचीच सीट घेतो. आयडी उगाच नाही घेतला. कुठेही गेलो की आधी स्वच्छतागृह कुठे आहे ते बघतो, मग यजमानांना नमस्कार. घरातून निघताना दोनदा जाऊन येतो, लागलेली नसली तरी. दोन वेळा पोचलो नाही. त्यातला एकदा लिफ्टमध्ये, शेजारच्या बाईंसोबत. त्या मजल्याच्या आकड्यांकडे बघत राहिल्या. त्या बाईंचे उपकार मी विसरणार नाही.

हे प्रोस्टेटशिवायही होतं का? आणि यालाही तोच व्यायाम?

रफूवाली
@कडेची_सीट, 🙏

वळीव
@कडेची_सीट, होतं, आणि पुष्कळांना होतं. दाराशी किल्ली आणि नळाचा आवाज हे तर आम्ही रोज ऐकतो. प्रोस्टेट वाढलेलं असू शकतं, नुसतं मूत्राशय उतावीळ झालेलं असू शकतं. आधी डॉक्टरांकडून लघवीची तपासणी आणि सोनोग्राफी करून घ्या. औषधंही आहेत.

फिजिओत याचं तंत्र थोडं वेगळं. लागली की आपण पळतो, आणि पळण्यानेच हरतो. पळायचं नाही. थांबायचं, जमल्यास बसायचं, आणि चार-पाच वेळा झटपट आवळायचं. स्नायू आवळला की मूत्राशयाला ‘आत्ता नाही’ असा निरोप जातो. लाट येते तशी ओसरतेही. ओसरल्यावर शांतपणे चालत जायचं. आणि ते ‘निघताना दोनदा’ हळूहळू सोडा. अर्ध्या भरलेल्या मूत्राशयाला सतत रिकामं केलं की ते अर्ध्यावरच ओरडायला शिकतं. पाणीही तोडू नका, घट्ट लघवीने ते आणखी चिडतं. चहा-कॉफी मात्र कमी करून बघा.

कडेची_सीट
लिफ्टमध्ये बसू कसा?

वळीव
लिफ्टमध्ये उभं राहून आवळा आणि आकड्यांकडे बघा.

संपादक
धागा ‘आरोग्य’ विभागात हलवला आहे. वैयक्तिक रिपोर्ट, डॉक्टरांची नावं कृपया टाकू नयेत. धाग्यावरचा सल्ला तपासणीची जागा घेऊ शकत नाही. (आणि हो, आम्हीही वाचतोय.)

उत्तरायण
धागा वर काढतो. मध्ये पाच आठवडे गेले.

फाइलमधला कागद काढला, गेलो. रिसेप्शनवरच्या मुलीने “कशासाठी?” विचारलं तर मागे तीन माणसं उभी. मी म्हणालो, “गुडघा.”

मग अर्थातच गुडघ्यांच्या खोलीत बसवलं. तिथल्या मुलाने माझा जुना गुडघा वाकवून बघितला, म्हणाला, काका, उत्तम आहे, तक्रार काय? त्याच्या कानात सांगितलं. त्याने हसूही आणलं नाही, शेजारच्या खोलीत नेऊन सोडलं. बाई होत्या, माझ्या मुलीच्या वयाच्या.

तुम्हाला सांगतो, अर्धा तास नुसतं बोललो. मग पाठीवर झोपवून ओटीपोटावर जेल लावून सोनोग्राफीचा प्रोब ठेवला. पँटचं बटण उघडलं, बस तेवढंच. पडदा माझ्याकडे वळवला. मूत्राशय म्हणजे काळा फुगा दिसत होता. म्हणाल्या, नेहमी करता तसं आवळा. मी जीव लावून आवळलं. फुगा *खाली* गेला. पुन्हा. पुन्हा खाली. त्या म्हणाल्या, काका, तुम्ही आवळत नाही, कुंथताय.

सात आठवडे, दिवसाला दोनशे. गळती थांबवायची म्हणून मी ती ढकलत होतो. श्वास रोखलेला, पोट दगड, ढुंगण घट्ट, आणि जे हलायला हवं ते तेवढं सोडून बाकी सगळं हलत होतं. मला हसू आलं, आणि हसताना अर्थातच गळली, आणि त्यावर पुन्हा हसलो.

मग त्या म्हणाल्या, थंड पाण्यात पायरी पायरीने उतरताय. गुडघा, मांडी, आणि आता पाणी *तिथे* लागणार. तेव्हा आपोआप आत काय खेचलं जातं? तेवढंच करा, श्वास चालू ठेवून. फुगा किंचित वर उचलला गेला. एवढासा. ते बघून जे वाटलं ते गुडघा नव्वद अंश वाकला तेव्हाही वाटलं नव्हतं.

आता उभ्याने करतो, कारण गळतं उभ्याने. खुर्चीतून उठायच्या *आधी* आवळायचं, शिंक येतेय वाटलं की आधी आवळायचं, ही सवय अंगवळणी पडायला तीन आठवडे गेले. दर रविवारी चोवीस तासांचे पॅड वजन करतो, कोरड्याचं वजन वजा करून. ग्रॅमला साधारण मिली. पहिल्या रविवारी २१० आले, काल ६५. दोन पॅड लागतात. चारचं धरण आता सातला फुटतं, तेही झिरपतं म्हणावं इतपत.

स्वयंपाकघरातला काटा वापरला म्हणून घरात रण माजलं. दुसरा काटा आणला.

टाचणी
“कुंथताय” वाचून भावाला हा धागा पाठवला. दोन निळ्या खुणा आल्यात, उत्तर नाही. थांबते.

मुद्देसूद
एका माणसाच्या आकड्यांवरून काही सिद्ध होत नाही, आणि पाच आठवड्यांत आपोआपही कमी झालं असतं, हे लिहिणं माझं कर्तव्य आहे. ते झालं. आता मनापासून अभिनंदन.

उत्तरायण
@मुद्देसूद, आपोआप झालं असेल तर आपोआपचेही आभार. पण मी खाली ढकलत राहिलो असतो तर आपोआपला किती अडथळा केला असता, त्याचा अभ्यास कोणी करावा?

मुद्देसूद
हे मान्य.

काळा_चष्मा
एक विचारतो. पुरुषांच्या स्वच्छतागृहात वापरलेलं पॅड टाकायला डबा कुठेच नसतो. मग तुम्ही लोक करता काय?

उत्तरायण
पिशवीत गुंडाळून खिशात, घरापर्यंत. तुम्ही का विचारताय?

काळा_चष्मा
सहज.

रफूवाली
@काळा_चष्मा, सहज असेल तर ठीक. नसेल तरी ठीक. दुहेरी झिपवाली पिशवी घ्या, वास येत नाही.

काळा_चष्मा
धन्यवाद.

कडेची_सीट
डॉक्टरांकडे जाऊन आलो. बाकी सगळं नॉर्मल, फिजिओ लिहून दिलाय. @उत्तरायण, रिसेप्शनवर मागे लोक उभे असताना नेमकं काय म्हणायचं? ‘गुडघा’ नको, माझा गुडघा खरंच दुखतो, भलतीकडेच अडकेन.

वळीव
‘पेल्विक फ्लोअर’ म्हणा. मागच्या तिघांतल्या दोघांना ते काय ते कळत नाही, आणि तिसरा त्यासाठीच आलेला असतो.

कडेची_सीट
म्हटलं. मंगळवार, साडेदहा. मागे एकच जण होता, तो आकड्यांकडे बघत राहिला.